जास्तीची नळी

हदगावच्या देविदासने तीस वर्षं शेतातल्या मोटारींची वायरिंग केली. जास्तीची वायर लोंबकळताना दिसली की त्याचं डोकं फिरायचं आणि तो पक्कड काढायचा.

यंदा त्याने जुन्या जीपला इंजिनाची गरमी दाखवणारं मीटर बसवलं. इंजिन तापलं तरी काटा हलेना. मग त्याने मीटर उतरवलं आणि मीटरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या बारीक तांब्याच्या नळीच्या टोकाचा पितळी गोळा चुलीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवला. काटा तसाच. तरीही तो उठला नाही. सगळी नळी बोटांनी चाचपत गेला आणि स्वतःच्याच जोडापाशी थांबला. दोन हात नळी जास्त झाली म्हणून त्याने मधला तुकडा कापून रबराने जोड दिला होता. काटा ढकलणारा आतला गॅस तेव्हाच उडून गेला होता.

“दुकानदाराला वापस द्या की,” बायको नागाबाई म्हणाली.

“त्याचा काय कसूर? म्याच मारलंय ते.”

दुसऱ्या दिवशी तो नांदेडहून नवं मीटर घेऊन आला. आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघितलं. काटा सरसर चढला. मग बसवायला घेण्याआधी त्याने पक्कड नागाबाईच्या हातात ठेवली.

“नळी गुंडाळून होईस्तोवर म्या मागितली तरी देऊ नको.”