ओल्या कोब्यातली पावलं

चर्चची दुरुस्ती तीन महिन्यांत उरकणार होती. आता अकरावा महिना लागला होता, आणि मंडळी अजून शाळेच्या जेवणघरात, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीशी घेऊन प्रार्थना करत होती.

“हत्तिणीचं बाळंतपण बरं,” शिंपीणआजी दर रविवारी सुनेच्या कानात कुजबुजायची.

आजीनं जन्मभर कपडे शिवले आणि बावीस वर्षं रविवारचं शास्त्रवाचन केलं. जेवणघरात मात्र एकदाही नाही. घसा बसलाय, म्हणायची. घसा ठणठणीत होता, तीन वर्षांपासून डोळेच गेले होते. शनिवारी भांडी आवरून झाली की सून ‘माझ्यासाठीच वाचतेय’ म्हणून उद्याचा अध्याय दोनदा मोठ्यानं वाचायची, तेवढ्यात आजीचा तो पाठ व्हायचा. चर्चमध्ये बाकापासून वाचनाच्या मेजापर्यंत चौदा पावलं, मग हात पुढे केला की मेज. दोघी याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

मग पाळकांनी जाहीर केलं, “येत्या रविवारी आपल्या चर्चमध्ये! पहिलं वाचन आजींचं.” आणि बाहेर पडताना कुणीतरी सहज म्हणालं, मेज बरंच मागं सरकवलंय.

आजीची झोप उडाली. धड शिवलेल्या परकराची शिवण तिनं दोनदा उसवली, दोनदा घातली. गुरुवारी दुपारी सून कामावर गेली तशी काठी घेऊन ती चर्चमध्ये शिरली. चपला दाराशी काढल्या. बाक चाचपडून सापडला. एक, दोन, तीन... सातव्या पावलाला जमीन गार लागली, नवव्याला पाय रुतला, दहाव्याला दुसराही.

“अहो आजी! ओला कोबा आहे तो! दिसत नाही का?” जेवता जेवता गवंडी ओरडला.

“नाही दिसत.”

हे तिनं स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. गवंड्यानं तिला हात धरून बाहेर काढलं, बादलीभर पाण्यानं पाय धुतले. ती कशाला आली ते ऐकून त्यानं कोब्यातल्या ठशांमधलं अंतर टेपनं मोजलं, मग बाकापासून मेजापर्यंतचं. “तुमच्या पावलांनी सतरा. सोळा झाली की एक पायरी चढा.”

पण कोबा खरवडून पुन्हा घालावा लागला. रविवारी जेवणघरात पाळकांनी सांगितलं, “कुणीतरी कोबा तुडवला. आणखी पंधरा दिवस.”

कालवा झाला.

“कुत्रं असेल.”

“दोन पायांचं?”

“पंधरा दिवसांनी मला या बाकावरून उचलून न्यावं लागेल!” पेटीमास्तर करवादले.

गवंड्यानं नाव सांगितलं नव्हतं. गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. आजी उठली.

“ती पावलं माझी. मला दिसत नाही.”

“कधीपासून?” पाळकांनी विचारलं.

“तीन वर्षं झाली.”

“आणि वाचत होतात ते?”

“पाठ. तुम्हाला तर दिसत होतं ना? मग तुम्ही कुठं बघितलंत?”

पाळक पुढे आले. “मग आजचं वाचन...”

“मीच करते. पण इथली पावलं मी मोजलेली नाहीत.” तिनं बाजूला हात पुढे केला. सून आधीच उभी होती.

“नऊ,” सून म्हणाली. “चला.”