तिच्या भावाच्या छातीतला किडा

मी कामाच्या घरी कढईत बटाट्याची भाजी परतत होते. खोकला आला. पदर तोंडाला लावला, तर पदरावर तांबडं. ताईनं ते बघितलं. तिनं गॅस बंद केला आणि माझ्यादेखत सगळी भाजी कचऱ्याच्या पिशवीत ओतली.

"मावशी, तुम्ही जिन्यानं जा. लिफ्टला हात लावू नका."

वयानं मी तिच्याएवढीच. तरी मावशी.

मी खाली पोचायच्या आत सर्जापूर रोडवरच्या त्या अख्ख्या सोसायटीच्या ग्रुपवर तिनं टाकलं होतं, माझ्या स्वयंपाकवालीला टीबी आहे. दुसऱ्या दिवशी गेटवर कानडी वॉचमन म्हणाला, "अक्का, बेडा, नको. तुम्हाला आत सोडायचं नाही म्हणालेत." सगळी घरं सुटली.

टीबीच्या गोळ्या गिळल्या. रक्त थांबेना. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ओढ्यातले खेकडे खाता का?"

खाते की. चंदगडला माहेरी गेले की भाऊ धरून आणतो. निखाऱ्यावर भाजतो. कधी आतून कच्चेच राहतात. माझ्या थुंकीत किड्याची अंडी सापडली. कच्च्या खेकड्यातून किडा पोटात, पोटातून फुप्फुसात. टीबी नव्हताच. माझ्यापासून कुणाला काही होणार नव्हतं. दुसऱ्या गोळ्या घेतल्या, बरी झाले.

ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "शी. काय काय खाता हो तुम्ही लोक."

पुढं कधीतरी तिचाच फोन आला. भाऊ आजारी आहे, त्याला तुमच्या हातचं आवडतं, या.

गेले.

तो सोफ्यावर पडला होता. सह्याद्रीत ट्रेकला गेलेला, मित्रांबरोबर ओढ्याकाठी खेकडे भाजून खाल्लेले. अर्धे कच्चे. तोच किडा. मित्र फळं घेऊन आले होते. तो रंगवून सांगत होता, ते हसत होते. "काय एक्सपीरियन्स, यार." मग तो खोकला. रुमाल लाल झाला. ताई त्याची पाठ चोळायला लागली. तिचं पोरगं मामाला चिकटून बसलेलं, त्याला कुणी उठवलं नाही.

मी जळले. सोफा, फळं, राहू देत त्याची. मला हेवा वाटला त्याच्या खोकल्याचा. किती मोकळा खोकत होता. किडा तोच, रक्त तसंच. मी खोकले तर घाण, तो खोकला तर गोष्ट. माझीही पाठ कुणी चोळावी असं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

"याच्यासाठी मऊ भात टाका ना," ताई म्हणाली.

"आधी ग्रुपवर लिहा. मला टीबी नव्हता. तुमच्या भावाला आहे तेच होतं."

"आता जुनं कशाला उगाळताय, मावशी? आणि त्याचं नाव कशाला मध्ये?"

मी चपला घातल्या.

आता यशवंतपूरला एका खानावळीत पोळ्या लाटते. लांब पडतं. ताई अजून फोन करते, मी दर वेळी तेच सांगते. ज्या बोटांनी लिहिलंत त्याच बोटांनी पुसायचं. सगळ्यांसमोर, भावाच्या नावासकट. तोवर त्या घराला माझ्या हातचं पाणीसुद्धा मिळणार नाही.