मुबश्शिराचा अडलेला दात

इस्लामपुरात मणेरांचं बांगड्यांचं दुकान आहे. वडील मोहिद्दीन गेल्यापासून ते त्यांची मुलगी मुबश्शिरा एकटीच चालवते. आई त्याआधीच गेलेली. भाऊ यासीन बायकापोरं घेऊन पुण्यात राहतो. दुकानाच्या मागं एक खोली आहे, तिथंच तिचं सगळं.

मुबश्शिराला वरचा, अगदी समोरचा एक दात कधी आलाच नव्हता. तिथला दुधाचा दात हलायचं नाव घेईना. शेवटी चौदाव्या वर्षी तो भाकरीच्या घासात निघाला. "येईल की, काहींचा उशिरा येतो," आई म्हणाली होती. पुढं आईचं दुखणं सुरू झालं आणि दाताकडं कुणी बघितलंच नाही.

इतर पोरी हसताना तोंडावर हात धरतात. मुबश्शिराला तीही सोय नव्हती. बाईचा पंजा दाबून, अंगठा आत वळवून काचेची बांगडी चढवायची, तर दोन्ही हात गुंतलेले. म्हणून तिनं हसणंच सोडलं. ओठ फार न उघडता "हिरव्या का?", "सैल होत्यात का?" एवढंच बोलायची. बायका तिला घुमी म्हणायच्या. एक-दोघी म्हणाल्या, शिष्ट आहे. ते तिच्या कानावर आलं, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. त्यानंतर ती आणखीच गप्प झाली.

त्याच वर्षी स्वप्ना नावाची एक मुलगी लग्नाचा चुडा भरायला आली. सांगलीत दातांची डॉक्टर होती ती. भरता भरता एक बांगडी फुटली, काच मुबश्शिराच्या बोटात घुसली आणि "आई गं!" म्हणताना तिचं तोंड उघडलं.

स्वप्नानं आधी बोट बघितलं. मग हळूच विचारलं, "ताई, तो दात काढलाय का?"

"न्हाई. आलाच न्हाई."

"सांगलीला या एकदा. मंगळवारी असते मी."

तीन मंगळवार मुबश्शिरानं जाऊ दिले. चौथ्या मंगळवारी दुकान बंद ठेवून सांगलीच्या गाडीत बसली.

एक्स-रे उजेडासमोर धरून स्वप्नानं दाखवलं. हिरडीच्या आत, हाडात, पांढऱ्या दाण्यांचा एक पुंजका होता. त्याच्या वर एक पुरा वाढलेला दात तिरका अडकलेला.

"ही गाठ आहे. घाबरू नका, कॅन्सर नाही. दात तयार होतो ना, त्याच पेशींपासून हे बारके दात झालेत. ते वाटेत बसलेत, म्हणून खरा दात खाली येत नाही."

"म्हंजे माझा दात हाय?"

"आहे की. एकोणीस-वीस वर्षं तिथंच थांबलाय. आता या वयात तो येईलच असं नाही सांगत. पण ओढून बघू."

ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं विचारलं, "सोबत कोण आलंय?" मुबश्शिरानं यासीनला दोनदा तारीख सांगितली होती, तो "बघू" म्हणाला होता. आता फोन केला तर म्हणाला, "आज कसा येऊ? रजा न्हाई."

बाकावर माधवनगरची लीलाबाई कवळीसाठी बसली होती. ती उठून नर्सला म्हणाली, "मी हाय की हिच्यासंगं. मावशी लिवा."

तासाभरानं मुबश्शिरा बाहेर आली. गाठीतून निघालेले सतरा दात स्वप्नानं वाटीत दाखवले होते, तांदळाच्या कणीएवढे. तिनं खुणेनं सांगितलं तशी लीलाबाई म्हणाली, "आगं बया! सतरा दात तोंडात घिऊन बिनदाताची फिरलीस व्हय?" मुबश्शिराला हसू आलं, पण ओठ बधिर होते. लीलाबाईनं तिला स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. त्यानंतर ती कधी भेटली नाही.

बाकीच्या दातांना तार आणि अडकलेल्या दाताला बारीक साखळी लावली होती, ती दर महिन्याला थोडी ओढायची. चौदा महिने मुबश्शिरा महिन्यातल्या एका मंगळवारी सांगलीला जात राहिली. दुखलं का, जेवलात का, दुकान कसं चाललंय, स्वप्ना सगळं विचारायची. मुबश्शिरा तार लावलेल्या तोंडानं भरभरून सांगायची. महिनाभरात एवढं तिच्याशी दुसरं कुणी बोलत नव्हतं.

रमजानमध्ये एका सकाळी जिभेला दाताचं टोक लागलं. तिनं यासीनला व्हिडिओ कॉल केला.

"बघ, दात आला."

"कुठला दात?" तो म्हणाला. मागं पोरं भांडत होती.

"काय न्हाई, असंच," म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढं दात पुरता खाली आला, जरासा वाकडा. तार निघाली त्या दिवशी स्वप्ना म्हणाली, "सुटलात, ताई! आता सहा महिन्यांनी या."

"पुढच्या महिन्यात न्हाई?"

"कशाला? गरजच नाही."

मुबश्शिरा हसली, तोंडभर हसली. मग स्टँडवर येऊन बसली. इस्लामपूरच्या दोन गाड्या तिनं सोडल्या. घाई कसलीच नव्हती. तिसरी गाडी आली तेव्हा उठली.

पुढच्या महिन्यात तो मंगळवार आला. तिनं दुकान सकाळीच उघडलं. पहिल्या बाईच्या हातात बांगडी सरकवताना ती आपणहून म्हणाली, "मावशी, माझा दात आला."

बाईनं मान वर करून बघितलं. "बरं झालं बाई. त्या लाल दाखीव गं."

मुबश्शिरानं लाल बांगड्या काढल्या.