गालाचा डाग
जवसाच्या तेलाचा वास आला की मला आमच्या सदर भागातले ते रिटायर्ड सुभेदार आठवतात. लढाईचे दिवस होते, फॅक्टरीत रायफलींचे लाकडी दस्ते घासून घासून माझे हात आंबून जायचे. सुभेदारांना जुन्या रायफली जमवायचा नाद; त्यातल्या एकीचा चिरलेला दस्ता त्यांनी माझ्याकडे दिला. "फक्त चीर भर भैया, बाकी राहू दे." मी चीर भरली आणि हाताच्या सवयीनं सगळा दस्ताच घासून नवा करून टाकला. नेम धरताना दस्त्यावर गाल टेकतो तिथं त्यांनी बोट फिरवलं. "इथला काळा डाग काहून काढला रे? पोराच्या घामाचा होता. ह्याच रायफलीवर नेम धरायला शिकला तो." त्यांचा मुलगा नुकताच सीमेवर कामी आला होता. मी इतका थकलो होतो की माफी मागणंही जिवावर आलं. "तेल पाजत राहा, डाग परत वर येईल," असं सांगून मी सुटलो. पुढं कितीतरी रविवार ते ओसरीवर तेल चोळत बसलेले दिसायचे. "थोडा आला वाटते, नाही?" ते विचारायचे, आणि मी हो म्हणायचो. आज एका जुन्या दस्त्याला तेल लावताना हे लिहितोय. घासून काढलेला घाम लाकडातून परत येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.