गोठ्यातला शर्ट

माझा भाचा गेला तेव्हा सांत्वनाला आलेला एक पाहुणा मला म्हणाला, "चांगली माणसं देवाला लवकर लागत्यात." मी म्हणालो, "तुमचा थोरला बी चांगलाच हाय की पावणं. त्यो कसा लागला न्हाय?" पाहुणा चहा अर्धा टाकून उठला. बहिणीच्या दारात बसून मी असं बोलायला नको होतं, असं सगळ्यांचं मत पडलं. माझं अजून पडलेलं नाही. ज्याच्यासाठी मुली बघायला नुकती सुरुवात केली होती, त्या पोराला पोचवून आलो होतो आम्ही.

पावसाळ्याचे दिवस होते. गोठ्यातल्या कडबाकुट्टीच्या यंत्रात वीज उतरली होती. हा ओल्या कोब्यावर अनवाणी उभा राहून वैरण घालायला गेला. दाजींनी धावत जाऊन बटण बंद केलं, तोवर सगळं संपलं होतं.

माझी ही धाकटी बहीण कोल्हापुरातच, गवळ्यांच्या गल्लीत दिलेली. भाच्यानं डिप्लोमा केला, पण जीव सगळा म्हशींत. सकाळी रतीब घालून झाला की राजारामपुरीतल्या माझ्या स्टेशनरीच्या दुकानात डोकवायचा, माझ्या वाटणीचा चहा प्यायचा आणि वर माझीच उलटतपासणी घ्यायचा. संध्याकाळी म्हैस घेऊन चौकातल्या दूध कट्ट्यावर उभा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळलेला पेला हातात द्यायचा. मी गेलो की माझ्या पोटाकडे बघून मोठ्यानं म्हणायचा, "मामा, तुमाला अर्धाच पेला. निम्मी म्हैस तर तुमीच हायसा." सगळा कट्टा हसायचा. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

त्याची एक लाडकी म्हैस होती, लांब शिंगांची. वगार असल्यापासून त्यानंच वाढवलेली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात, धन्याच्या मोटारसायकलमागं पळवतात. हा तिची शिंगं रंगवायचा, मोरपिसं बांधायचा आणि ती त्याच्या गाडीच्या आवाजामागं भर गर्दीतून पळत यायची. तिची धार त्यानंच काढायची. दुसऱ्याचा हात लागला की ती पान्हा चोरायची. "लाडावून ठेवलीयास," असं दाजी ओरडायचे. तो म्हणायचा, "माणसानं कुणाला तरी लाडवावंच की."

तो गेल्यावर तिनं कुणालाच धार दिली नाही. दाजी बसले, त्यांनी लाथ खाल्ली. शेजारचा गवळी बसला, त्याचीही तीच गत. कास तटतटून फुगली. डॉक्टरनं थोडंफार पिळून काढलं. कुणीतरी पान्ह्याची सुई टोचायला सांगितलं. बहीण म्हणाली, "त्येनं कधी टोचू दिली न्हाय. आता बी न्हाय." मग दाजी म्हणाले, विकून टाकू. त्यावर ती एवढंच बोलली, "मी मेल्यावर इका."

दिवसकार्य झाल्यावर रीतीप्रमाणे त्याचे कपडे वाटून टाकले होते. कपाट रिकामं झालं. पण गोठ्याच्या दारामागं खुंटीवर त्याचा चौकड्यांचा एक शर्ट राहून गेला होता. धारेला बसताना तो हाच घालायचा. शेणाचे डाग, पेंडीचा आणि घामाचा वास. त्याला कपडा कोण म्हणणार?

मी तेव्हा रोज सकाळी दाजींजवळ गोठ्याबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो. घरात बायकांचा राबता, बहिणीला मोकळेपणानं रडायलाही कोपरा नव्हता. एके दिवशी ती गोठ्यात गेली आणि साडीवरून तो शर्ट घालून म्हशीजवळ जाऊन बसली. धारेसाठी नव्हे, नुसतीच. म्हशीनं मान वळवून शर्ट हुंगला, रेकली, आणि सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं, तशी तिनं चरवी ओढली. हे तिनं मागाहून सांगितलं. आम्हाला बाहेर ऐकू आला तो चरवीत धार पडल्याचा आवाज. दाजी ताडकन उठले आणि परत मटकन खाली बसले. त्या म्हशीच्या धारेचा आवाज आजवर एकाच माणसाच्या हातानं झाला होता.

मग रोज तेच. शर्ट घालायचा, बटणं लावायची, धार काढायची आणि शर्ट परत खुंटीला. धुवायचा नाही. शेवटी तो वाळल्या कातड्यासारखा ताठ झाला. गल्लीत कुजबुज झाली. मी तिला म्हणालो, "अगं, किती दिवस?" ती म्हणाली, "दादा, तुमी सगळी म्हणताय त्यो गेला. तिला तसं वाटत न्हाय. ती वाट बघती त्येची. मी येकटी न्हाय."

दुधाचं तिला काही पडलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. पाडव्याला त्याच्या मित्रांनी गल्लीतून मोटारसायकली घुमवल्या, तेव्हा म्हैस दाव्याला हिसडे देत उभी राहिली. "बघ, तिला वाटलं त्योच आला," म्हणत बहीण हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

थंडी सरता सरता बहीण तापानं पडली. मी बघायला गेलो होतो. दाजी गोठ्यातून आले, अंगात नुसता बनियन, हातात काठोकाठ भरलेली चरवी. माणूस कधी नव्हे तो खुशीत होता. "दिलं की गं तिनं! शर्ट बी घातला नव्हता मी. हात लावला आन सोडलाच पान्हा."

बहीण अंथरुणावर उठून बसली. चरवीत डोकावून बघितलं. तसंच भिंतीला धरून ती गोठ्यात गेली, म्हशीसमोर उभी राहिली. म्हैस वैरण खात होती. तिनं मान वर केली नाही.

ती शर्ट घेऊन परत आली. मोरीतल्या बादलीत बुडवला, साबण लावला आणि घासायला लागली. अंगात ताप होता, पण तिला अडवायची छाती आमच्यात कुणाचीच नव्हती. पाणी काळं झालं, ओतलं, परत काळं झालं.

"तिला आता कुनीबी चालतंय," ती म्हणाली. "इका तिला."

दाजी चरवी हातात घेऊन तसेच उभे होते.