बाळाबाईंच्या नावावरचं मशीन

चौऱ्याण्णव साली आम्ही घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. नेरूळच्या फ्लॅटचा ताबा दिवाळीपर्यंत मिळणार होता. कुठल्या दिवाळीपर्यंत, हे बिल्डरनं सांगितलं नव्हतं. शेजारच्या खोलीत मानसिंगराव आणि बाळाबाई हे साताऱ्याकडचं जोडपं. मानसिंगराव कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार. पाठीवर गोणी घेऊन निघाले की समोरचा माणूस आपण होऊन बाजूला सरकावा, अशी अंगलट. बाळाबाई बारीक अंगाच्या, बोलायला मोकळ्या, आणि शिवणकामाचा त्यांना मनापासून कंटाळा. ब्लाउजचं हूक तुटलं तर सेफ्टी पिनवर महिना काढायच्या.

शिवायची हौस होती ती मानसिंगरावांना.

मार्केटात फाटक्या गोण्या दाभण-सुतळीनं शिवता शिवता ती लागली. मग उशीचे अभ्रे झाले, जुन्या लुगड्यांची गोधडी झाली. सगळं हातानं आणि दार लावून. दार लावून, कारण ते काही शिंपी नव्हते. शिंपी असते तर कुणाला काही वाटलं नसतं. पोटासाठी दिवसभर झबली शिवणारा पुरुष आपल्याकडे चालतो. दिवसभर गोण्या वाहून संध्याकाळी मजेखातर झबलं शिवणारा चालत नाही. मार्केटात त्यांच्याच टोळीत गोण्या वाहणाऱ्या देवजीला कळलं तर उद्यापासून सगळे आपल्याला 'मानसिंगबाई' म्हणतील, याची त्यांना खात्री होती.

म्हणून मशीन घ्यायचं ठरलं ते बाळाबाईंना शिकायचंय म्हणून. यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. शिकलेली बाई म्हणून त्यांनी मला वाशीच्या दुकानात बरोबर नेलं, आणि शिकलेली असल्यामुळे मी दुकानदाराच्या बाजूनं बोलले.

"ताई, नवीन शिकताय ना? मग हे मोटरचं घ्या," दुकानदार बाळाबाईंना म्हणाला. "बारा प्रकारची नक्षी निघते."

"घ्याच बाळाबाई," मी म्हटलं. "पायाचं आता कोण घेतं?"

बाळाबाई जांभई दाबत उभ्या होत्या. मानसिंगराव त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजले.

"आधी चाक हातानं फिरवून बगू का, इचारत्यात," बाळाबाई म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावून, "म्हंजे मीच इचारते."

मानसिंगरावांनी पिशवीतून दोन चिंध्या काढल्या. एक गोणपाटाची, एक विरलेल्या लुगड्याची. मोटरचं मशीन गोणपाटावर घुं करून अडलं आणि लुगड्यावर असं सुसाट सुटलं की चिंधीची चुणी झाली. मग कोपऱ्यातलं काळं पायाचं मशीन आलं. त्याला एकच सरळ टाका, पुढे आणि मागे. मानसिंगरावांनी चाक सावकाश फिरवून कान लावला. दोन्ही चिंध्या शिवून झाल्यावर त्या उलट्या करून खालचा धागा पाहिला, बॉबिन काढून परत बसवली आणि पुन्हा कुजबुजले.

"हेच द्या," बाळाबाई म्हणाल्या.

"ताई, ह्यात नक्षी नाही हां."

"आधी सरळ तर येऊ द्या. नव्या माणसाला पळणारं नगं, पायजे तितं थांबणारं पायजे. आन् ह्याचं सामान कुटं बी मिळतं."

दुकानदार आदरानं म्हणाला, "ताईंना बरीच माहिती आहे." मीही घरी येऊन ह्यांना म्हटलं, नवरा असावा तर असा, बायकोच्या मशीनसाठी केवढा जीव टाकतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येऊ लागला. बाळाबाई उंबऱ्यावर गप्पांना यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, बाई अगदी रमली. खरं असं होतं की मशीन चालू असताना त्या बाहेर दिसल्या असत्या तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून आवाज थांबेपर्यंत त्यांना घराबाहेर पडायची बंदी होती. बिचाऱ्या आत बसून तांदूळ निवडायच्या. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या.

घरमालकांच्या नातीला, ईश्वरीला, वाढदिवसाला त्यांच्या घरातून एक फ्रॉक गेला. गुलाबी, तीन झालरींचा, फुग्याच्या बाह्यांचा. महिला मंडळाच्या अध्यक्षा सरोजिनीताईंनी तो पाहिला आणि परस्पर शिवणकामाच्या स्पर्धेत ठेवला. पहिला नंबर आला.

बक्षीस घ्यायला बाळाबाईंना स्टेजवर बोलावलं. हॉलमध्ये शेवटी भिंतीला टेकून मानसिंगराव उभे होते. सरोजिनीताईंनी स्टीलचा डबा दिला आणि माईक पुढे केला.

"दोन शब्द बोला. कशी लागली आवड?"

चार महिने कोंडून घातलेली बाई ती. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मला काय बी आवड न्हाई," त्या म्हणाल्या. "मला सुईत दोरा बी ववता येत न्हाई. ह्ये समदं आमच्या ह्यांनी शिवलंय. त्ये बगा, मागं हुबं हायती."

मानसिंगरावांच्या कपाळावर घाम फुटलेला मी पाहिला. सगळा हॉल वळून त्यांच्याकडे बघत होता. त्यांचे खांदे, मानेवरचे घट्टे, फावड्यासारखे हात. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा, याला म्हणतात संस्कार!" सरोजिनीताई गहिवरून म्हणाल्या. "स्वतःच्या कलेचं श्रेयसुद्धा नवऱ्याला! आणि किती विनोदी बोलतात!"

मीही टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या.

"आवो, खरंच सांगते," बाळाबाई म्हणत होत्या, पण माईक पुढच्या नंबराकडे गेला होता.

आपण वाचलो म्हणून मानसिंगराव आधी खूश झाले. घरी येईपर्यंत ती खुशी उतरली. बाळाबाईंनी मला नंतर सांगितलं, जेवता जेवता ते थांबले आणि म्हणाले, "एवढ्या माणसात एकाला बी खरं वाटलं न्हाई?" दुसऱ्या दिवशी ज्याच्या भीतीनं वर्षानुवर्षं दार लावलं, त्या देवजीला त्यांनी स्वतः होऊन सांगितलं. देवजी पोट धरून हसला. मग आपली आखूड करायची पँट आणून देत म्हणाला, "वैनीस्नी दे. सावकाश होऊ दे म्हनावं."

मग लपवायचं तरी कशाला? मानसिंगरावांनी मशीन दारातल्या उजेडात आणलं आणि दार सताड उघडं ठेवून शिवायला बसले. येणारा-जाणारा डोळ्यांनी बघायचा, थांबायचा आणि विचारायचा, "काय मानसिंगराव, बिघडलं काय वैनींचं मशीन?"

मीही तेच विचारलं. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांनी नुसती मान हलवली. माझ्यासमोर त्यांनी एका बाहीच्या चुण्या एकसारख्या पाडल्या, त्या जाड बोटांनी दाबून धरल्या आणि टाका मारत नेला. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मग मीच म्हणाले, "बाळाबाई खरंच बोलल्या होत्या."

त्यांनी टाचण्या काढल्या. "व्हय. पर आता सांगू नगा कुनाला. तुमाला बी येडं समजतील."

पुढे गल्लीतल्या बायका आपापली मशीनं दुरुस्तीला आणू लागल्या. पुरुषाला मशीन कळतं, यात कुणालाच नवल वाटलं नाही. मानसिंगरावांनी ती दुरुस्त केली. नवीन घ्यायचं तर काय बघायचं, चाक कसं फिरवायचं, जाड आणि पातळ चिंधी का न्यायची, तेही सांगितलं. मात्र शिवण्याबद्दल शंका असली की बायका आत वळायच्या आणि बाळाबाईंना विचारायच्या. बाळाबाई उंबऱ्यावर बसून हात झटकायच्या, "त्यांस्नी इचारा." बायका हसायच्या.

आम्हाला ताबा मिळाला आणि टेम्पो दारात आला, त्या सकाळी मानसिंगरावांनी एक गोधडी आणून माझ्या हातात दिली. निळ्या काठाची, टाका कुठे सुरू होतो ते दिसू नये अशी.

मी तिच्यावरून हात फिरवला आणि वळून म्हणाले, "बाळाबाई, किती सुरेख शिवलीत हो!"

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. बाळाबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"मन लावून शिवलीया तिनं," मानसिंगराव म्हणाले, आणि आमचं कपाट उचलायला आत गेले.