पंखा नसलेला लॅपटॉप

कागदाच्या कारखान्यात तात्यांना सगळे 'कान' म्हणत. साहेब यायचा आणि विचारायचा, "कान कुठे आहे?" कान दोन मशीनच्या मधे गुडघ्यावर बसलेला सापडायचा. हातात दीड वीत लांबीची पोलादी सळई. तिचं टोक बेअरिंगवर टेकलेलं. दुसऱ्या टोकाची पितळी गोळी उजव्या कानावर घट्ट दाबलेली. डाव्या कानात अंगठा. डोळे मिटलेले.

चौतीस वर्षं तात्यांनी बेअरिंगं उघडली, धुतली, ग्रीस भरून परत बसवली. पण उघडायच्या आधी ऐकली. ऐकणं हे काम आहे, असं नव्या पोरांना वाटत नसे. "म्हातारा बसून पगार खातो," म्हणायची. तात्या त्यांच्या हातात सळई द्यायचे. "घे. एका बेअरिंगला मोजून पाच मिनिटं. हलायचं नाही." दोन मिनिटांत पोरांच्या मानेला रग लागायची आणि तोंडं बंद व्हायची.

बेअरिंगमधली एखादी गोळी फुटली की सुराच्या खाली ठोका येतो. टक, टक, टक, आणि मधेच एक गाळलेला. कारखान्यात त्याला चुकार म्हणत. चुकार ऐकू आला की तात्या हात वर करत आणि मशीन थांबे. वाद नंतर. कारण चुकार लागलेलं बेअरिंग तासाभरात जाम होईल की महिन्याने, हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

निवृत्त झाल्यावर सळई तेलाच्या फडक्यात गुंडाळून खणात गेली. सहा वर्षं तिथेच होती. नातीला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा बाहेर निघाली.

लेक कपडे शिवायच्या कारखान्यात होती, तिला सुट्टी नव्हती. जावई लांबच्या गाडीवर. "लॅपटॉपचं तुम्ही दोघं बघा," लेक म्हणाली. "पण बाबा, साडेपाच वर्षं टिकला पाहिजे. मधे दुसरा घेणं व्हायचं नाही."

"टिकेल," तात्या म्हणाले. यंत्र टिकेल की नाही हे सांगणं एवढंच त्यांना आयुष्यात येत होतं. नातीला द्यायला दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं.

कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं. ते दुकानात गेले तो गुरुवार.

दुकान तळघरात होतं. पूर्वी तिथे गाणी रेकॉर्ड करत, म्हणून भिंतींना जाड फोम लावलेला. जिना उतरलं की रस्त्याचा आवाज कापल्यासारखा बंद व्हायचा. माणूस बोलला की शब्द तोंडापुढेच पडायचा. लांब टेबलावर पंचवीस-तीस लॅपटॉप उघडे, प्रत्येकावर एकच डोंगर, एकच तळं. गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

नातीजवळ कागद होता, पुढच्या वर्गातल्या मुलींना विचारून लिहिलेला. वजन दीड किलोच्या आत, कारण दिवसभर पाठीवर वागवायचा. बॅटरी आठ तास. पडदा असा, की पेशींच्या स्लाइड बघताना गुलाबी आणि जांभळा वेगळे दिसले पाहिजेत.

"आणि आजोबांची यादी?" दुकानदाराने विचारलं.

"बिजागरी," तात्या म्हणाले. कागदात बसणारे सात निघाले. त्यांनी त्यातला एकेक एका बोटाने उघडला, मिटला, परत उघडला. कोपरे दाबून पाहिले. चार बाजूला सारले. तीन उरले. मग त्यांनी पिशवीतून सळई काढली.

"अहो काका, पेशंट तपासताय की काय?"

"डॉक्टर ही होणार आहे. मी कंपाउंडर."

पहिला करड्या रंगाचा होता. आतला पंखा मऊ फिरत होता, सूर सरळ. तात्या मान हलवणार, एवढ्यात सुराच्या खाली काहीतरी लागलं. टक. टक. टक. आणि काही ठोक्यांनी एक गाळलेला.

"हा नको."

"का? नवा कोरा आहे काका, आज सकाळी खोक्यातून काढला."

"चुकार आहे."

दुसरा काळा, वेगळ्या कंपनीचा. पंख्याचा सूर वेगळा, जरा चिरका. खाली तोच ठोका. तीच चाल. तात्यांनी सळई काढली, फडक्याने पुसली, परत लावली. तोच.

तिसरा नातीच्या मनात भरला होता. पातळ, वहीसारखा. तिने स्लाइडचं चित्र लावून पाहिलं होतं आणि तिचा चेहरा खुलला होता. तात्यांनी सळई टेकली. सूर नाही. घरघर नाही. नुसती शांतता, आणि त्या शांततेच्या मधोमध, आधीच्या दोघांपेक्षा स्पष्ट, टक. टक. टक.

"याचंही बेअरिंग गेलंय," तात्या म्हणाले.

दुकानदार हसायचा थांबला. "काका, यात पंखाच नाही. बिनपंख्याचा आहे हा. यात फिरणारं काहीच नाही."

"काहीच नाही?"

"एक कण हलत नाही आत."

"बंद कर."

दुकानदाराने बंद केला. पडदा काळा झाला. तात्यांनी परत ऐकलं. ठोका चालूच होता. नवापर्यंत मोजला. दहावा आला नाही. मग पुन्हा एक.

 ते उठले. "चल," नातीला म्हणाले. "इथलं काही घ्यायचं नाही."

जिना चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे क्षणभर काळं झालं. त्यांनी कठडा धरला. वर रस्त्यावर नातीचा बांध फुटला.

"आजोबा, तिन्हीच्या तिन्ही खराब? ज्यात पंखा नाही त्याचा पंखा खराब? खरं सांगा, मी जायलाच नकोय ना तुम्हाला?"

 नात पुढे निघून गेली, आणि ती वळून बघेल म्हणून ते उभे राहिले. ती वळली नाही.

घरी न जाता ते तिथेच भिंतीला टेकले. मनात आलं, दुकानाखाली एखादं मशीन चालू असेल, त्याचा हादरा टेबलातून येत असेल. तसं असेल तर लॅपटॉपचा दोष नाही. तपासायला हवं. त्यांनी सळई भिंतीला लावली. टक. टक. दोन दुकानं सोडून दिव्याचा खांब होता. त्याला लावली. टक. टक. टक. तासभर ते चालत राहिले आणि ऐकत राहिले. बंद शटर. बागेचं फाटक. पाण्याचा नळ. उभ्या बसचा पत्रा. बसमधली एक बाई काचेतून बघत होती. तिच्या मांडीवरचं पोर हसलं. तात्या हसले नाहीत. लोखंडात, दगडात, लाकडात, सगळीकडे तोच ठोका, नवानंतर तोच खड्डा. सबंध गाव एकाच फुटक्या बेअरिंगवर फिरत होतं आणि त्यावर लोक भाजी घेत होते.

बागेतल्या बाकावर ते बसले. भीती वाटत होती, पण भीतीने काम थांबवायची सवय नव्हती. दोष सापडत नसेल तर एकेक भाग काढत जायचं. त्यांनी हिशेबातून लॅपटॉप काढला. खांब काढला. भिंत काढली. सळई हवेत धरली, कशालाच न टेकवता, गोळी मात्र कानावर. ठोका होता. मग सळई बाकावर ठेवली आणि दोन्ही कानांत अंगठे घातले.

ठोका होता.

आता काढायला एकच भाग उरला होता. तात्यांना अंगठे काढायची हिंमत होईना आणि ठेवायचीही.

उठेपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता. सोमवारपर्यंत बोलायचं नाही. बोललो तर पोरगी जाणार नाही. पहिल्यांदाच त्यांनी चुकार ऐकला आणि हात वर केला नाही.

शुक्रवारी सकाळी ते स्वतः नातीला म्हणाले, "तो पातळ घेऊन टाकू. चांगला आहे."

ती चप्पल घालून निघाली. दुकानात खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली.

"काल नापास. आज आपोआप सुधारला?"

"काल कान नीट नव्हता."

"तुमचा? वरच्या मजल्यावरचा फ्रिज बिघडला तर तुम्ही आधी सांगता. आणा ती सळई."

तिने सळई लॅपटॉपला लावली, कानात अंगठा घातला, डोळे मिटले. लहानपणी शंभरदा बघितलेलं होतं. "यात काहीच नाही," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतोय."

"मग काल काय होतं? आणखी कशात ऐकलंत?"

तात्यांना खोटं बोलता आलं असतं. पण यंत्राबद्दल विचारलं की ते खरं सांगत. जीभच तशी वळली होती. "भिंतीत," ते म्हणाले. "खांबात. बसमध्ये."

"दर वेळी तेच?"

"तेच."

 मग तिने सळई उलटी न करता, सावकाश, त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाच्या डावीकडे टेकवली आणि कान गोळीला लावला.

दुकानदार हातात खोकं घेऊन उभा होता, तो उभाच राहिला. फोमच्या भिंतींनी श्वासांचा आवाजसुद्धा गिळून टाकला. पंचवीस-तीस पडद्यांवर एकच तळं, हललं नाही. तात्या तिच्या ओठांकडे बघत होते. ओठ मोजत होते. थांबले. पुन्हा मोजू लागले. पाच मिनिटं ती तशीच राहिली. मान हलली नाही.

"कधी सांगणार होतात?"

"मंगळवारी."

"मंगळवारी!" तिचा आवाज फाटला. "उठा. आत्ता दवाखान्यात."

"आधी हा घे."

"आजोबा, मी तुम्हाला ओढत नेईन."

"ने. पण आधी घे. मग म्हणशील तिथे येतो."

"ताई, घेऊन जा हो," दुकानदार खोकं पुढे करत म्हणाला. "बिलाचं मागाहून बघू." तिने खोकं काखेत मारलं, दुसऱ्या हाताने आजोबांचा दंड धरला. रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली. पट्टीवर डोंगरांची रांग होती आणि मधे मधे सपाट.

"कधीपासून होतंय?"

"ऐकू आलं काल सव्वातीनला," तात्या म्हणाले. "सुरू कधी झालं ते माहीत नाही."

"ऐकू आलं म्हणजे?"

नातीने सांगितलं. जिन्यात कठडा धरल्याचंही सांगितलं. तिने ते पाहिलं होतं, हे तात्यांना तेव्हा कळलं. बाईंनी पट्टी परत पाहिली आणि घरी जायचं नाही म्हणाल्या. गळ्याजवळच्या हाडाखाली काड्यापेटीएवढं यंत्र बसवावं लागेल. ठोका चुकला की ते देईल.

शनिवारी बसवलं. लेक रात्रभर बाकावर होती. रविवारी दुपारी खोलीत कुणी नसताना तात्यांनी कानांत अंगठे घातले. ठोका आला. नऊ झाले, दहावा आला. वीस. पन्नास. शंभरापर्यंत एकही गाळलेला नाही, एकही पुढेमागे नाही. चौतीस वर्षांत इतकं सरळ चाललेलं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. नव्या बेअरिंगलासुद्धा थोडी खोड असते. त्यांनी अंगठे काढले आणि हात चादरीखाली घेतले. कुणीतरी आत राहायला आलं होतं, आणि ते कामाचं पक्कं होतं.

सोमवारी सकाळी नात आली. पाठीवर बॅग, बॅगेत लॅपटॉप. पण काहीतरी ठरवल्याचं तोंडावर दिसत होतं.

"मी नाही जात. आठवडाभर थांबते. आईला एकटीला जमणार नाही."

"थांबून काय करशील?"

"तुमच्याजवळ बसेन."

"बसायला तुझी आई आहे. तुला अजून काही येत नाही. शुक्रवारी तू पाच मिनिटं ऐकलंस, चांगलं ऐकलंस. पण काय ऐकलंस ते तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. जा, ते शिकून ये."

तिला राग आला, मग रडू आलं, मग दोन्ही गिळून तिने बॅगेचे पट्टे घट्ट केले. तात्यांनी चूक सांगितली की ती चूक असायची, हे तिला माहीत होतं. ती वाकली आणि त्यांच्या कपाळाला हात लावला, ताप बघतात तसा.

"आता कसं वाटतंय आत?"

"चांगलं चाललंय. पण ते मी नाही."

"सवय होईल, आजोबा."

"कुणाला?" तात्यांनी विचारलं. "मला, की त्याला?"

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.  खाली बसचा भोंगा वाजला तशी ती जिना उतरली. पायऱ्या भरभर वाजत गेल्या, एकही न चुकता.